डायरेक्ट इंजेक्शन इंजिनातला कार्बन: आधी वाफ रोखा, मग व्हॉल्व्ह साफ करा

कार्बनवर उपाय म्हणून सगळ्यात जास्त खपणारी वस्तू म्हणजे पेट्रोलच्या टाकीत ओतायची क्लीनरची बाटली. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात जिथे खरा त्रास असतो, तिथे ती पोचतच नाही. जुन्या पद्धतीच्या पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारलं जायचं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप धुतले जायचे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल १०० ते ३५० बार दाबाने थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्व्हच्या पाठीला लागते ती फक्त हवा आणि त्या हवेबरोबर आलेली इंजिन ऑइलची वाफ. गरम व्हॉल्व्हवर ती वाफ भाजते, थरावर थर चढतो आणि हवेची वाट अरुंद होत जाते.

म्हणजे हे मुळात ऑइलचं दुखणं आहे, पेट्रोलचं नाही. एवढं पक्कं धरलं की कामांचा क्रम आपोआप ठरतो: आधी इंजिन ओळखा, मग काजळी किती आहे ते पाहा, मग वाफेचा उगम बंद करा आणि साफसफाई शेवटी. बहुतेक लोक उलटीकडून सुरुवात करतात, म्हणून वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तिथेच येतात.

हा लेख पेट्रोल इंजिनांपुरता आहे. डिझेलमध्येही इंजेक्शन थेटच असतं, पण तिथली काजळी मुख्यतः ईजीआरमधून (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी व्यवस्था) येते आणि तिचे उपाय वेगळे आहेत.

टप्पा १: तुमचं इंजिन खरंच या वर्गातलं आहे का?

जीडीआय, टीएसआय, टीएफएसआय, इकोबूस्ट, स्कायअ‍ॅक्टिव्ह-जी ही नावं डायरेक्ट इंजेक्शनची खूण आहेत, पण नुसत्या बॅजवर जाऊ नका. टोयोटाच्या डी-४एससारख्या काही इंजिनांत पोर्ट आणि डायरेक्ट असे दोन्ही इंजेक्टर असतात. तिथे पोर्टचा इंजेक्टर व्हॉल्व्ह धुतो, त्यामुळे हा त्रास फार कमी होतो. एकाच नावाच्या इंजिनाच्या दोन पिढ्यांतही फरक असतो. फोर्डचं ३.५ लिटर इकोबूस्ट आधी फक्त डायरेक्ट होतं, पुढच्या पिढीत त्याला पोर्टचे इंजेक्टरही आले.

*तपासणी:* सर्व्हिस मॅन्युअलमध्ये किंवा स्पेअर पार्टच्या यादीत एका सिलिंडरमागे किती इंजेक्टर दिलेत ते पाहा. दोन असतील तर टप्पा ३ आणि ४ तेवढे पाळा, पुढचं सहसा लागणार नाही.

टप्पा २: काजळी किती आहे ते डोळ्यांनी बघा

लक्षणं ओळखीची आहेत. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर ते थरथरतं, चेक इंजिन लाइट लुकलुकतो, दोन-चार मिनिटांत सगळं सुरळीत होतं. पुढे पिकअप मंदावतो, ॲव्हरेज घसरतो. पण हीच लक्षणं खराब कॉइल, झिजलेला स्पार्क प्लग किंवा थेंब गाळणारा इंजेक्टरही देतो. म्हणून मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारी नळ्यांची जुळणी) उघडण्याआधी स्वस्तातल्या शक्यता बाद करायच्या.

१. स्कॅनर लावा. पी ०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही असा मिसफायर (पेट चुकणं), आणि पी ०३०१ पासून पुढे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचा.

२. कोडबरोबर साठवलेला फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणाच्या आकड्यांचं पान, उघडा. बरेच मेकॅनिक नुसता कोड वाचून स्कॅनर बंद करतात, खरी माहिती या पानावर असते. मिसफायर नोंदला तेव्हा कूलंट २०-३० अंशांवर आणि आरपीएम आयडलला असेल, तर कार्बनचा संशय बळावतो. कूलंट ९० अंश, आरपीएम ३००० आणि इंजिनवर भरपूर लोड असेल, तर आधी कॉइल आणि प्लग बघा.

३. संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावा. कोड पी ०३०२ वरून पी ०३०३ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. मग कार्बनचा विषय तिथेच संपला.

४. यानंतर बोअरस्कोप, म्हणजे भोकातून आत घालायचा बारीक कॅमेरा. इथली चूक इतकी सर्रास होते की गॅरेजवाल्यांनी पाठवलेल्या निम्म्या फोटोंवर विश्वास ठेवावासा वाटत नाही. कॅमेरा स्पार्क प्लगच्या भोकातून घालतात, व्हॉल्व्हचा चकचकीत चेहरा दिसतो आणि ‘एकदम साफ आहे’ असा शेरा मिळतो. प्लगच्या भोकातून दिसते ती व्हॉल्व्हची सिलिंडरकडची बाजू, आणि कार्बन बसतो पाठीवर. पाठ बघायची तर कॅमेरा हवेच्या वाटेने न्यावा लागतो: थ्रॉटल बॉडी काढून किंवा मॅनिफोल्डवरच्या प्रेशर सेन्सरच्या भोकातून.

पाठीवर पातळ, कोरडा काळा थर दिसला तर घाबरू नका. तो सगळ्यांच्या गाडीत असतो. दांडीकडून ताटलीकडे जाणारी व्हॉल्व्हची गोलाई पाहा. ती भरून गेली असेल, दांडी मूळ जाडीपेक्षा जाड वाटत असेल किंवा डांबरासारखे गोळे चिकटलेले असतील, तर तो कार्बन स्प्रेने निघणाऱ्यातला नाही.

*तपासणी:* फोटो काढा आणि त्यावर किलोमीटर लिहून ठेवा. तुलनेला काही नसेल तर पुढच्या वेळी नुसता अंदाजच बांधावा लागेल.

टप्पा ३: वाफेचा उगम पकडा

पिस्टन रिंगमधून निसटलेला वायू खालच्या क्रँककेसमध्ये जातो आणि ऑइलचे सूक्ष्म थेंब घेऊन पीसीव्ही व्यवस्थेतून पुन्हा इनटेकमध्ये येतो. वाटेत ऑइल वेगळं काढणारा सेपरेटर असतो. त्याचा रबरी पडदा फाटला किंवा तो तुंबला, की ऑइल सरळ व्हॉल्व्हवर. तरीही कार्बनच्या तक्रारीत हा भाग शेवटी तपासला जातो, कारण बाहेरून त्याचं काहीच दिसत नाही.

१. इंजिन पूर्ण गरम करा आणि आयडलला ठेवा.

२. ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. झाकण निघता निघत नसेल, जोराची ओढ जाणवत असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पडदा फाटल्याची दाट शक्यता.

३. झाकण काढून त्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा तुकडा धरा. तो हलकासा आत ओढला जायला हवा. फुगून वर उडत असेल तर क्रँककेसमध्ये दाब साठतोय: एक तर पीसीव्हीची वाट तुंबली आहे किंवा रिंग झिजल्या आहेत. रिंगची शंका असेल तर कॉम्प्रेशन आणि लीकडाउन चाचणी (सिलिंडर किती दाब धरतो आणि किती गळतो ते पाहणारी) आधी करा, कारण झिजलेल्या रिंगच्या इंजिनात व्हॉल्व्ह साफ करणं म्हणजे वाया गेलेला खर्च.

४. इंजिन बंद करून पीसीव्हीची नळी काढा. आत ऑइलचा ओलसर थर चालतो. नळी तिरकी केल्यावर धार लागत असेल तर सेपरेटर काम करत नाही.

५. टर्बो असेल तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणारा भाग) खालचा पाइप काढून बघा. तिथे ऑइल साठलेलं असेल आणि पीसीव्ही ठीक असेल, तर टर्बोच्या सीलकडे वळा.

झाकण काढल्यावर आयडल थोडं डगमगणं बऱ्याच गाड्यांत स्वाभाविक आहे. किती ओढ योग्य हेही इंजिनागणिक बदलतं, म्हणून शंका आली की मॅन्युअलमधला आकडा प्रमाण माना.

*खबरदारी:* चालत्या इंजिनाच्या तोंडातून गरम ऑइल उडतं. चष्मा घाला, चेहरा बाजूला ठेवा.

डिपस्टिकही याच टप्प्यात बघा. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी. पातळी वरच्या खुणेपलीकडे असेल तर क्रँक ऑइल घुसळते आणि वाफ वाढते. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा हिशोब या इंजिनांत उलटा पडतो. आणि ऑइल न भरताच पातळी वर सरकत असेल, डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय. असं ऑइल किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न बघता बदला.

टप्पा ४: ऑइल निवडताना डब्याची पुढची बाजू विसरा

पहिली अट कंपनीच्या मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन आणि ग्रेड. त्यात तडजोड नाही. त्या अटीत बसणारी दोन-तीन ऑइल समोर आली की त्यांच्या तांत्रिक माहितीपत्रकात ‘नोआक’ हा आकडा शोधा. या चाचणीत ऑइल २५० अंश सेल्सिअसला एक तास तापवतात आणि किती टक्के वजन उडून गेलं ते मोजतात. आयएलएसएसी जीएफ-६ या ऑइलच्या दर्जात १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, एसीईए सी३ या दर्जात १३ टक्क्यांपर्यंत. १० टक्क्यांच्या आत मिळालं तर उत्तम. कितीतरी कंपन्या हा आकडा डब्यावर छापत नाहीत, माहितीपत्रकातच तो सापडतो.

नोआक कमी मिळावा म्हणून मनाने जाड ग्रेड घालू नका. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा सहसा ऑइलच्याच दाबावर चालते, तिला ठरलेला पातळपणा लागतो. टर्बो इंजिनात एपीआय एसपी दर्जाचं ऑइल शक्यतो घ्या, कारण कमी आरपीएमवर अवेळी पेट घेण्याच्या दोषापासून संरक्षण देण्याची चाचणी त्या दर्जात आहे.

ऑइल बदलायचं अंतर ठरवताना मॅन्युअलमधलं ‘सिव्हिअर’ म्हणजे खडतर वापराचं पान वाचा. छोट्या फेऱ्या, ट्रॅफिकमधलं थांबत-थांबत चालणं, धूळ हे सगळं त्यात येतं. बहुतेकांचा वापर त्याच पानावरचा असतो, पण हिशोब मात्र लांबच्या अंतराचा धरला जातो.

टाकीत ओतायच्या क्लीनरची जागाही इथेच आहे. पॉलिइथरअमाइन असलेला क्लीनर इंजेक्टरची तोंडं आणि सिलिंडरच्या आतली काजळी साफ करतो. त्या कामासाठी तो जरूर वापरा, पण ऑइल बदलण्याच्या आधीच्या टाकीत, म्हणजे त्यातलं जे ऑइलमध्ये उतरेल ते जुन्या ऑइलबरोबर निघून जाईल.

टप्पा ५: चालवण्याची सवय

कूलंटचा काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ते मागून तापतं. रोज पाच-सात मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून एकदा सलग अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. याने व्हॉल्व्हवर बसलेला कार्बन जळून जातो असा समज आहे. तो जळत नाही. पुढचा थर चढण्याचा वेग मात्र कमी होतो. टर्बो गाडी वरच्या गिअरमध्ये, १२००-१५०० आरपीएमवर पॅडल दाबून ओढू नका.

टप्पा ६: कॅच कॅन लावावा का?

कॅच कॅन म्हणजे पीसीव्हीच्या नळीत बसवून ऑइल अडवणारा डबा. पीसीव्ही ठीक असूनही नळीत ऑइल येत असेल तर विचार करा. आधी वॉरंटीच्या अटी आणि उत्सर्जनाचे नियम तपासा. आत जाळी किंवा आडपडदे नसलेला नुसता रिकामा डबा घेऊ नका, त्यातून वाफ जशीच्या तशी पुढे जाते.

पीसीव्हीकडून येणारी नळी ‘इन’ला, मॅनिफोल्डकडे जाणारी ‘आउट’ला. उलटी जोडली तर अडवण्याची क्षमता घटते. नळ्या ऑइल सहन करणाऱ्या हव्यात, साध्या पाण्याच्या नळ्या फुगतात आणि चपट्या होतात. दुसरं तोंड हवेत मोकळं सोडून द्यायचा प्रकार टाळा: मोजणीत न आलेली हवा इनटेकमध्ये शिरते आणि पी ०१७१ हा मिश्रण पातळ झाल्याचा कोड येतो.

पहिल्यांदा हजार किलोमीटरनंतर उघडून बघा आणि साठण्याचा वेग पाहून पुढचं अंतर ठरवा. आतलं द्रव दुधाळ, तपकिरी दिसलं तर लगेच हेड गॅस्केट गेलं असं समजू नका. पाणी, ऑइल आणि पेट्रोल यांचं ते मिश्रण आहे. ते पुन्हा इंजिनात ओतायचं नाही, जुन्या ऑइलबरोबर द्यायचं. कडक थंडीच्या प्रदेशात त्यातलं पाणी गोठून वाट बंद होते, तेव्हा तो वारंवार रिकामा करा. नियमितपणे उघडायचा कंटाळा असेल, तर कॅच कॅन न लावलेला बरा. भरून वाहिलेला डबा साठलेलं सगळं एकदम इंजिनात पाठवतो.

टप्पा ७: इनटेक व्हॉल्व्ह स्प्रे, फक्त पातळ थरासाठी

टप्पा २ मध्ये गोळे दिसले असतील तर हा टप्पा सोडून पुढे जा. सुटलेला कडक तुकडा व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटमध्ये अडकू शकतो, टर्बोच्या पात्यांवरही आदळू शकतो.

१. ऑइल बदलायची वेळ जवळ आली की हे काम घ्या. मोकळी जागा हवी, अग्निशामक हाताशी हवा आणि मदतीला आणखी एक माणूस हवा.

२. इंजिन पूर्ण गरम करा.

३. फवारायची जागा निश्चित करा: हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरनंतर, थ्रॉटलच्या शक्य तितकी जवळ. टर्बो गाडीत इंटरकूलरनंतर. टर्बोच्या आधी फवारलं तर प्रचंड वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर थेंब आदळतात आणि उरलेलं इंटरकूलरच्या तळाशी साठतं.

४. मदतनीसाने आरपीएम २००० वर धरायचा. तुम्ही छोट्या फवाऱ्यांत मारा. आरपीएम पडला की थांबा, पूर्ववत झाला की पुढचा. डब्यावरच्या सूचना वेगळ्या असतील तर त्या पाळा.

५. डबा संपल्यावर दोन-तीनदा हलकी रेस द्या, ३५०० च्या वर नको. एक मिनिट आयडल, मग इंजिन बंद.

६. एक तास तसंच सोडा. इथे घाई करणारे पुष्कळ. द्रावक मुरून थर मऊ होतो तो या तासातच.

७. नंतर हमरस्त्याच्या वेगाने दहा मिनिटं चालवा. सुरुवातीला धूर येईल, तो विरायला हवा. घरी आल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला.

*खबरदारी:* इंजिन बंद असताना किंवा एका दमात भरपूर द्रव मारू नका. मॅनिफोल्डच्या खळग्यात साठलेलं द्रव एकदम सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

स्वच्छ किंवा नुकत्याच साफ केलेल्या इंजिनात हे दर १५,००० किलोमीटरच्या आसपास केलं तर थर जाड व्हायला वेळ लागतो. ८०,००० किलोमीटर काहीही न केलेल्या इंजिनात एका डब्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

टप्पा ८: अक्रोडाच्या टरफलाचा मारा

जाड कार्बनवर खात्रीचा उपाय हाच. टरफलाचा भुगा कार्बन उडवतो, पण व्हॉल्व्हच्या पोलादाला आणि हेडच्या ॲल्युमिनियमला इजा करत नाही. वाळू, काचेचा चुरा किंवा इतर कठीण दाणे चालत नाहीत: एखादा दाणा आत राहिला तर सिलिंडर ओरखडला जातो.

तयारी: मॅनिफोल्डची नवी गॅस्केट, पोर्टच्या मापाचा अडॅप्टर, जोरदार व्हॅक्यूम, पाणी गाळलेली कोरडी हवा, टॉर्क पाना, बोअरस्कोप, चष्मा आणि धुळीचा मास्क. सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्याने या कामाच्या जवळपासही थांबू नये.

१. इंजिन पूर्ण गार हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पेट्रोलची उच्च दाबाची लाइन दाब उतरल्याची खात्री होईपर्यंत ढिली करायची नाही.

२. प्रत्येक कनेक्टर आणि नळीचा काढण्याआधी फोटो घ्या. काही इंजिनांत मॅनिफोल्डबरोबर इंजेक्टरही निघतात. तुमचं तसं असेल तर इंजेक्टरचे टेफ्लॉन सील नवे लागतील, आणि ते बसवायला त्यांचं खास टूल.

३. मॅनिफोल्ड निघाल्याबरोबर सगळे पोर्ट झाका. बोळे वापरलेत तर मोजून ठेवा.

४. ज्या सिलिंडरवर काम करायचं त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईपर्यंत क्रँक पान्याने फिरवा, तेही इंजिन फिरतं त्याच दिशेने. सेल्फ मारून नाही.

५. बंद झालाय हे नजरेवर सोडू नका. पोर्टमध्ये थोडं द्रावक टाका आणि मिनिटभर थांबा. पातळी तशीच राहिली तर व्हॉल्व्ह बंद आहे. झरझर उतरली तर व्हॉल्व्ह उघडा आहे. जाड कार्बनमुळे बंद व्हॉल्व्हमधूनही किंचित झिरपू शकतं, तेव्हा क्रँकची स्थिती मार्कवरून पडताळा. मग द्रावक ओढून घ्या आणि पोर्ट अगदी कोरडा करा. ओल्या पोर्टमध्ये भुग्याचा लगदा होतो.

६. व्हॅक्यूम सुरू ठेवून पाच-दहा सेकंदांचे मारे द्या. नळीचं टोक गोल फिरवत राहा, दांडीची मागची बाजू हमखास राहून जाते. दर दोन-तीन माऱ्यांनंतर कॅमेरा घाला.

७. न निघालेल्या जागी द्रावक १५-२० मिनिटं मुरवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, ओढून कोरडं करा, पुन्हा मारा. ड्रिलला तारेचा ब्रश लावू नका, तुटलेली तार शोधून सापडत नाही.

८. हवा आणि व्हॅक्यूमने पोर्ट मोकळा करा. कॅमेऱ्याने बघून एकही दाणा नाही याची खात्री झाल्यावरच पोर्ट झाका आणि क्रँक पुढच्या सिलिंडरसाठी फिरवा. व्हॉल्व्ह उघडताना राहिलेलं सगळं सिलिंडरमध्ये पडतं, म्हणून या पायरीला उतावळेपणा परवडत नाही.

९. बोळे मोजा. नवी गॅस्केट टाका, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, ठरलेल्या टॉर्कवर कसा.

*तपासणी:* इंजिन सुरू करण्याआधी दोन-तीनदा इग्निशन ऑन करून पेट्रोलचा दाब भरू द्या. सुरुवातीची काही सेकंद थरथर होईल. कोड पुसा, मॅन्युअलप्रमाणे थ्रॉटलचं रीलर्निंग करा. गरम इंजिनावर फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावा. आयडलला तो बराच धन असेल आणि रेस दिल्यावर कमी होत असेल, तर गॅस्केटपाशी किंवा सुटलेल्या नळीतून हवा शिरतेय.

हे काम गॅरेजला देणार असाल तर आधी तीन प्रश्न विचारा: प्रत्येक पोर्टचा आधीचा आणि नंतरचा फोटो देणार का, गॅस्केट नवी टाकणार का, आणि व्हॉल्व्ह बंद असल्याचं कसं तपासता. तिसऱ्या प्रश्नाला ‘अंदाज असतो’ असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज बघा. गाडी परत घेताना इंजिन पूर्ण गार असल्याचा आग्रह धरा आणि पहिलं स्टार्ट स्वतः करा, स्कॅनरवर सिलिंडरनिहाय मिसफायरची मोजणी उघडी ठेवून.